लाडक्या सभासदांना स्मरणपत्र

मी जनावरांचा डॉक्टर आहे. कुत्री-मांजरं बघतो. चवताळलेल्या बोक्याला टेबलावर धरून मी त्याचा ताप मोजलेला आहे, आणि हातावर फक्त दोन ओरखडे! तेव्हा आपल्याच पेशातल्या तेवीस माणसांच्या सह्या मिळवणं म्हणजे माझ्यासाठी हातचा मळ, असं मी भर बैठकीत छातीठोकपणे सांगून बसलो.

भर बैठक म्हणजे सात माणसं, मी धरून. आमच्या पशुवैद्यक संघटनेचा मी सचिव. संघटनेच्या घटनेत एक कलम आहे: वार्षिक सभेच्या दिवशी चालू सभासद तीसपेक्षा कमी भरले, तर संघटना बरखास्त! आणि आम्ही उरलो होतो सात. बाकीचे एक्केचाळीस कुणाशी भांडले नव्हते की रुसले नव्हते. मुदत संपल्यावर फक्त एक फॉर्म भरून द्यायचा. "उद्या देतो" म्हणाले, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

खरं सांगू? मला संघटनेपेक्षा काळजी होती सरांची. सरांनी आम्हा जवळजवळ सगळ्यांना शिकवलं. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, घरी एकटेच असतात. रोज सकाळी बरोबर दहाला संघटनेच्या खोलीचं कुलूप उघडतात, टेलिफोन पुसतात आणि त्याच्या शेजारी बसतात. कुठल्यातरी लांबच्या गोठ्यातून एखादा नवखा डॉक्टर घाबऱ्याघुबऱ्या फोन करतो, "सर, वासरू अडलंय!" सर डोळे मिटून सांगतात, "आधी श्वास घे. वासराचा नाही, तुझा." मग वासरू सुटेपर्यंत फोन ठेवत नाहीत. संघटना गेली की खोली जाणार, फोन जाणार, आणि सकाळी दहा वाजता सरांनी जायचं कुठं?

बैठकीत ते एवढंच म्हणाले, "सभेला खुर्च्या किती मांडू रे?"

"तीस मांडा, सर!" मी गरजलो.

आता एक्केचाळीस पत्रं कोण लिहीत बसणार? पण आमच्या दवाखान्यात बायकोनं बसवून घेतलेला एक प्रोग्रॅम आहे. लसीची तारीख टळली की तो प्राण्याच्या मालकाला आपण होऊन पत्र पाठवतो. बटण दाबायचा अवकाश, पत्रं थेट छापखान्यात आणि तिथूनच टपालात. दवाखान्याचा सगळा कारभार बायकोच बघते. ती बहिणीकडे निघाली होती, तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या प्रोग्रॅमला हात लावू नका."

म्हणजे तिनं मला आठवणच करून दिली की!

ती गेली आणि मी संघटनेची अख्खी यादी उचलून प्रोग्रॅममध्ये घातली. मुदत कुणाची संपली ते त्यानंच शोधावं, आपण कशाला डोळे फोडा? त्यानं विचारलं, "प्राण्याचं नाव?" मी सभासदांच्या नावांचा रकाना दिला. "मालक?" मी 'घरचा संपर्क' हा रकाना दिला. "प्राण्याचा प्रकार?" इथं मी जरा अडलो, पण आमच्या यादीत कोण कुठल्या जनावरांवर इलाज करतो तो रकाना होता: गाय, घोडा, कोंबडी. दिला तोच! "शेवटची भेट?" सभासदत्वाची मुदत. "पुढची भेट?" रविवारी सकाळी दहा, संघटनेची खोली. आणि 'विशेष सूचना' या चौकटीत मी माझं सुंदर पत्र टाइप केलं. इतकं सुंदर की मीच ते दोनदा वाचून काढलं. बटण दाबलं आणि चहा करून प्यायलो.

बुधवारी पहिला फोन आला. पोल्ट्रीवाल्या डॉक्टरांच्या पत्नी.

"भावोजी, हे काय पाठवलंय तुम्ही?"

"आमंत्रण आहे, वहिनी! अगदी मनापासून!"

"मनापासून? ऐका मग. 'आपली लाडकी कोंबडी आता आपल्यात नाही, याचं आम्हाला दुःख आहे. तिचं भांडं आणि अंथरूण लगेच टाकून देऊ नका. दुसरी आणायची घाई करू नका. मन तयार झालं की आम्हीच एखादी शोधून देऊ.' आणि वर नाव कुणाचं, तर ह्यांचं! डिग्रीसकट! अहो, हे इथं समोर बसून चहा ढोसतायत! शंभर किलोची कोंबडी!"

मागून आवाज आला, "सांग त्याला, कोंबडी जिवंत आहे आणि रविवारी येतेय म्हणावं!"

मी फोन ठेवला आणि प्रोग्रॅम उघडून बसलो. 'विशेष सूचना' ही चौकट फक्त दवाखान्यातल्यांनी वाचायची असते, ती पत्रात छापली जातच नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि आणखी एक कळलं. तारीख टळून एक-दोन वर्षं झाली असली, तर प्रोग्रॅम साधी आठवण पाठवतो. तीन वर्षं झाली, की तो प्राणी देवाघरी गेला असं धरून चालतो. मग मालकाला सांत्वनाचं पत्र जातं. बायकोनं स्वतः लिहिलेलं, काळजाला हात घालणारं. पुढच्या भेटीची वेळ आणि जागा मात्र दोन्ही पत्रांच्या तळाशी छापली जाते.

अर्ध्या तासात दुसरा फोन आला. गोठे बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे यजमान अगदी दबक्या आवाजात बोलत होते.

"डॉक्टर, आमच्याकडे पत्र आलंय. गायीचा डोस चुकलाय म्हणे."

"ती साधी आठवण आहे हो! तुमचं एकच वर्ष चुकलंय!"

"तसं नाही. पुढे लिहिलंय, 'आणताना दोरी मजबूत बांधावी. लाथा मारत असल्यास आधी कळवावे.' कळवायचं तर आहे हो, पण ती शेजारीच बसलीय!"

पुढे काही ऐकू आलं नाही. फक्त धप्पकन काहीतरी आदळलं आणि फोन बंद झाला.

घोडेवाल्या डॉक्टरांचा आवाज तर खिंकाळल्यासारखा आला. "तुझं पत्र माझ्या आईच्या हातात पडलं! तिला 'घोडा' दिसला नाही, माझं नाव तेवढं दिसलं! तिनं सगळ्या नातेवाइकांना कळवलं! मी दार उघडलं तर आत्या मला बघून उंबऱ्यातच मटकन खाली बसली! आता सोळा माणसं मुक्कामाला आलीयत आणि मी जिवंत असल्याबद्दल त्यांना जेवायला घालतोय!"

"माफ करा हो, चुकलं माझं!"

"रविवारी भेट तू! दहाला ना? भेटच!"

दोन दिवसांत असे किती फोन आले, मोजणं मी सोडून दिलं. गुरुवारी बायको परत आली. तिनं टपाल चाळलं, मला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि एक अक्षर न बोलता आत गेली. तिला सगळं कळलं असणार या भीतीनं मीही तोंड उघडलं नाही.

शनिवारी मात्र राहवेना. सरांना सगळं सांगून सभा पुढे ढकलावी म्हणून खोलीवर गेलो. सर एका हातानं कंबर धरून खुर्च्या पुसत होते. तीसच्या तीस मांडून झाल्या होत्या. टेबलावर सह्यांची वही, आणि एक बंद पडलं तर पंचाईत नको म्हणून तीन पेनं.

"येतील ना रे?" त्यांनी विचारलं.

मला एकदम रडूच आलं. "येतील, सर," मी म्हटलं. "नक्की येतील." यात खोटं काहीच नव्हतं!

आणि आले की! रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजायला लागली. पुढे पोल्ट्रीवाले, त्यांच्या मागे घोडेवाले, मग डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्यापासून चार पायऱ्या राखून त्यांचे यजमान. प्रत्येकाच्या हातात पत्र. मी सरांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या आड लपणं शोभत नाही, पण मारही शोभत नाही.

"कुठाय तो?" पोल्ट्रीवाले गरजले.

तेवढ्यात सर उठले. त्यांना वाटलं, ही सगळी मंडळी संघटनेसाठीच धावत आलीयत! त्यांचा चेहरा असा फुलला की पोल्ट्रीवाल्यांचा उगारलेला हात तसाच वर राहिला.

"अरे, तू!" सरांनी तो हात धरून खाली घेतला. "पहिल्या साथीत चार दिवस झोपला नव्हतास. फोनवर रडला होतास, आठवतं?" मग घोडेवाल्यांकडे वळले, "तुझी ती घोडी उभी राहिली तेव्हा पेढ्यांऐवजी हरभरे वाटले होतेस!" डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आणि तू पोरी, पहिलं वासरू सोडवलंस तेव्हा वासराच्या आधी तूच चक्कर येऊन पडलीस!"

ज्याची त्याची आठवण सरांना तोंडपाठ होती. मी हळूच पाहिलं, पत्रांच्या घड्या होऊन एकेक करून खिशात जात होत्या. पोल्ट्रीवाल्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "सर, फॉर्म कुठाय?" मग मात्र कुणीतरी आपलं पत्र काढून मोठ्यानं वाचलं, आणि असा काही हशा पिकला की खालच्या दुकानदारानं वर येऊन चौकशी केली.

मी सह्या मोजल्या. तेवीस! आणि आम्ही जुने सात!

"तीस झाले, सर!" मी ओरडलो. टाळ्या पडल्या.

सरांनी चष्मा लावला आणि वहीवर बोट ठेवून सावकाश मोजलं. "एकोणतीस."

"सर, तेवीस आणि सात..."

"जुने सहा आहेत." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "सचिव महाशय, तुमची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलीय."

समोर एकच खुर्ची रिकामी होती. सरांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी मुकाट बसलो आणि सही केली. घाईत ती कुठल्याशा पिल्लानं केल्यासारखी आली. पण चालली! सोमवारी सकाळी दहाला सर पुन्हा फोनशेजारी बसले.

रविवारी सभेहून घरी आलो तो अगदी तरंगत. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. सरांचा चेहरा, तो हशा, ती तिसावी सही. मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

"थांब," मी म्हटलं. "तीन वर्षं म्हणजे... माझंसुद्धा पत्र आलं असेल?"

तिनं डब्याखालून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. 'आपलं लाडकं मांजर आता आपल्यात नाही...'

"गुरुवारीच आलं," ती म्हणाली.

"आणि तू तीन दिवस काहीच बोलली नाहीस?"

"दुसरं आणायची घाई करू नका, असं लिहिलं होतं ना," ती माझ्या ताटात वाढत म्हणाली. "म्हणून थांबले."