जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे

"भरडाच!" बापू म्हणाले.

"गोळीच!" त्यांची बायको म्हणाली.

पोल्ट्रीच्या शेडमध्ये नवी पिल्लं येतायत न येतायत तोच नवरा-बायकोची जुंपली होती. बापूंचं म्हणणं, कोंबडीला दळलेला भरडा घालावा. टिपून टिपून खाण्यात तिचा जीव रमतो. बायकोचं म्हणणं, तोच भरडा दाबून केलेली गोळी घालावी. चोच भरली की पोट भरलं, विषय संपला. शेवटी बायकोच्या धाकट्या भावानं, जो जनावरांचा डॉक्टर होता, तोडगा काढला. शेडच्या मधोमध कमरेइतकी उंच जाळी लावायची. पिल्लं सारखी वाटायची. एका बाजूला दाजींचा भरडा, दुसऱ्या बाजूला ताईची गोळी. वजनाच्या दिवशी ज्याची बाजू जड, त्याचं खाद्य कायमचं. हरणाऱ्यानं अख्ख्या शेडचा भुसा एकट्यानं खालीवर करायचा.

कोंबड्यांच्या पायाखालचा भुसा ज्यानं एकदा तरी हलवलाय, त्याला ही पैज किती जिवावरची होती ते सांगायला नको.

थोड्याच दिवसांत पलीकडच्या गोळीनं बापूंच्या पोटात गोळा आणला. त्यांची पिल्लं दिवसभर भांड्याला चिकटलेली. भरड्यातले मक्याचे कण तेवढे वेचायची आणि उरलेलं पीठ चोचीनं उडवायची. निम्मं भुशात, थोडं नाकातोंडावर. सगळी कशी पावडर फासून फोटो काढायला निघाल्यासारखी दिसत होती. बायकोची पिल्लं मात्र भराभर गोळ्या गिळायची, पाणी प्यायची आणि पाय ताणून आडवी व्हायची.

"आळशी आहेत तुझी," बापू जाळीवरून म्हणाले.

"वाढतायत!" पलीकडून उत्तर आलं.

बापूंनी गुपचूप मेव्हण्याला फोन लावला. "दाजी, नुसतं खाद्य बघू नका, गर्दीही बघा," तो म्हणाला. "दाटी झाली की कोंबडी चालत नाही, भुसा ओला होतो, भांड्यापर्यंत पोचायला धक्काबुक्की. मग वाढ खुंटणारच."

बापूंनी फोन ठेवला आणि त्यांचे डोळेच चमकले. आपली बाजू मोकळी करायची म्हणजे काही पिल्लं कुठेतरी न्यायला हवीत. आणि 'कुठेतरी' तर जाळीच्या पलीकडेच होतं!

दुपारी बायको आडवी झाली तसे बापू शेडमध्ये शिरले. त्यातल्या त्यात किडमिडी पिल्लं निवडली, दोन काखांत दोन घेतली आणि हळूच पलीकडे सोडली. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. घामाघूम झाले, पण मन कसं हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी पाहतात तो अलीकडे तेवढीच गर्दी!

"जाळीला भोक पडलंय," बापूंनी ताडलं. पोटावर सरपटत त्यांनी सगळी जाळी तपासली. एका पिल्लानं त्यांच्या कानाचा स्वादही घेऊन पाहिला.

"काय शोधताय?" दारातून बायकोनं विचारलं.

"बटण."

"सापडलं?"

"हो. म्हणजे... नाही."

भोक काही मिळालं नाही. बापूंनी दुपारच्या फेऱ्या वाढवल्या, तरी गर्दी हटेना. एकदा तर वाकड्या शेपटीचं एक पिल्लू त्यांच्या पायाशी येऊन उभं राहिलं. "अरे, तुला काल तिकडे सोडलं होतं ना?" बापू कुजबुजले. पिल्लानं मान तिरकी केली. त्यालाही बहुधा नीट आठवत नसावं.

त्याच दुपारी बापू नेहमीसारखे दोन पिल्लं काखेत मारून जाळीपाशी पोचले आणि थिजले. समोरून बायको येत होती. तिच्याही दोन्ही काखांत एकेक पिल्लू.

चारही पिल्लं एकमेकांकडे बघत राहिली.

"तू आडवी झाली होतीस ना?" बापूंनी विचारलं.

"मी रोज सकाळी येते, तुमच्या आंघोळीच्या वेळी. आज लवकर उरकलीत, म्हणून आत्ता यावं लागलं."

"पण का?"

"माझ्याकडे गर्दी किती होतेय! वाढ खुंटते म्हणे त्यानं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या भावानं. फोन काय तुम्हालाच करता येतो?"

बापूंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे तू पण किडमिडीच निवडायचीस?"

"मग काय धष्टपुष्ट देऊ तुम्हाला?"

"अगं, म्हणजे इतके दिवस हीच पोरं दुपारी तिकडे आणि सकाळी इकडे..."

"आणि दोन्हीकडे जेवतायत!"

दोघं असे काही हसले की अख्खं शेड घाबरून कोपऱ्यात जमलं. भावाला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असं तिथेच ठरलं.

वजनाच्या दिवशी डॉक्टर काटा घेऊन आत आला, तशा कोंबड्या फडफडत भिंतीला जाऊन भिडल्या. पाच-पंचवीस मात्र संथपणे चालत आल्या. बापू आणि बायकोच्या पायाशी थांबल्या. कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून पंख किंचित वर करून उभ्या राहिल्या.

"ताई!" डॉक्टर ओरडलाच. "दाजी! अहो, हे काय बघतोय मी? इतक्या माणसाळलेल्या? काय करता तुम्ही यांना?"

बायकोनं छताकडे पाहिलं.

"फिरवतो," बापू बोलून गेले.

"फिरवता?"

"काखेत घेऊन. रोज. तेवढाच हवापालट."

"सकाळी मी," बायको म्हणाली, "दुपारी हे."

वजनात गोळीच जिंकली. बापूंनी निमूट फावडं उचललं. पण डॉक्टरचं काट्याकडे लक्ष कुठे होतं? तो मोबाइलवर भराभर फोटो काढत होता आणि जो उचलेल त्याला फोनवर सांगत होता, "फिरवतात हो! काखेतून!"

आठवड्याभरात शेजारचा पोल्ट्रीवाला कुंपणापाशी आला. दोन्ही काखांत कोंबड्या, कपाळावरून घाम निथळतोय.

"बापू, डॉक्टर म्हणाले तसं सुरू केलंय खरं," तो धापा टाकत म्हणाला. "पण एवढ्या कोंबड्या फिरवायच्या म्हणजे जन्म जाईल माझा! तुम्ही कसं हो उरकता?"

बापू फावड्याला टेकून उभे राहिले. खोटं बोलायचा त्यांना आता कंटाळा आला होता.

"आधी बायकोशी भांडा," ते मनापासून म्हणाले. "मग आपोआप होतं."