हकीकत दिनानाथपंत उतारावरोन घसरले त्याची

श्रीगजवदन प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी उत्तरेकडील एका हिमराज्यात जे वर्तमान जाहले, ते दिनानाथपंत उकिडवे यांणी स्वमुखे सांगितले, आणि आमची फजिती झाकू नये ऐसी आज्ञा केली, तैसे लिहिले.

पंत कोल्हापूर प्रांतीचे, यंत्रशाळेचे कारभारी होऊन सहकुटुंब त्या राज्यात गेले. घर टेकडीचे माथां, रस्ता उताराचा, आणि पायथ्यास तळे, त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा. शेजारी ऐनो नामे वृद्ध, मूत्रपिंडे थकलेली, आठवड्यात तीन वेळ इस्पितळी जाऊन रक्त शुद्ध करोन घ्यावे लागे. त्यांस नेणारा लेक परमुलखी गेला, तेव्हां पंतांनी छातीस हात लावोन आम्ही नेतो ऐसा शब्द दिल्हा. मग हिवाळी टायर घ्यावे म्हणोन मार्टाबाई टायरवाली, तिजकडे खाशी स्वारी गेली. बाईंनी गाडी कोठे चालते ते पुसिले, आणि सांगितले की शहरातील रस्ते झाडलेले, तेथे मऊ रबराचे हिवाळी टायर पुरेत. परंतु आपला उतार सावलीतला, बर्फ काचेसारखा, तेथे रबरात लोखंडी खिळे बसविलेले, बर्फास धरणारे, खिळ्यांचेच टायर पाहिजेत. येणेकरोन पंतांचा अभिमान दुखावला. "आम्ही श्रावणात आंबा घाट उतरलो आहो," ऐसे बोलोन त्यांनी बारमाही म्हणवणारे रुंद, चकचकीत टायर घेतले, कारण ते गाडीस शोभत होते. दुसरे कारण नव्हते. कुटुंब सुलभाबाई यांणी मात्र बाईंचे ऐकोन आपल्या लहान गाडीस निमूट खिळ्यांचे घातले, आणि पंतांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली.

मग वद्य चतुर्थीस प्रातःकाळी ऐनोंस गाडीत बसवोन स्वारी निघाली. पहिल्याच वळणी पंतांनी ब्रेक दाबिला, तो गाडीने जुमानिला नाही, आणि मग चाक उजवीकडे फिरविले, तो गाडी डावीकडे गेली, आणि मग आपलेच मर्जीने गरकन फिरोन, पाठ पुढे करोन तळ्याकडे चालू लागली. पंतांस कुलदैवत आठवले, त्याचे नाव आठवेना. ऐनो शांतपणे म्हणाले, "पंत, या बाजूने तळे चांगले दिसते." इतक्यात गाडी बर्फाचे ढिगात रुतोन थांबली, तळे पंधरा हात राहिले. म्हाताऱ्याची वेळ चुकली तर काय होईल, या विचारे पंतांचे डोळ्यांत पाणी आले, आणि मदत आणावी म्हणोन खाली उतरले, तो स्वयें आडवे जाहले. मग माथ्यावरोन हे पाहोन सुलभाबाई आपली गाडी घेवोन, बर्फ करकर वाजवीत सावकाश उतरल्या, ऐनोंस पुढे बसविले, आणि पंतांस म्हणाल्या, "मागे बसा. बोलू नका." पंत बसले. ऐनो वेळेवर पोहोंचले.

दोन प्रहरी पंत पायीच मार्टाबाईंकडे गेले, आणि टोपी काढोन म्हणाले, "बाई, आम्ही टायर गाडीचे रूपास घेतले. आता रस्त्यास द्या." बाई हसल्या नाहीत, याचेच पंतांस बहुत वाईट वाटले. गाडी ढिगातून ओढोन काढिली, आणि तीस खिळ्यांचे चार टायर चढले. मग पुढील खेपेस पंत ऐनोंस घेवोन उतार ऐसे हळू उतरले की काठी टेकीत चाललेली एक आजीबाई पुढे निघोन गेली, आणि ऐनो वाटेतच घोरू लागले. पंत सांगतात, उभ्या आयुष्यात आमच्या सारथ्यास ऐसी पावती मिळाली नव्हती.

येणेप्रमाणे वृद्ध बचावला, गाडीही निघाली. अभिमान तेवढा बर्फात राहिला, तो कोणी उकरू नये. वर्तमान इतुकेच.