सत्यशीलेच्या नावाचा पिठ्या ढेकूण

बाभळीचा एक काटा.

दूध तापवायचे पातेले, आतून काळे.

बांबूचे बंडल: सगळे दांडे एका मापाचे, एकालाही फांदी नाही.

भद्रावतीहून आलेले पोस्टकार्ड: ‘मी येणार नाही.’

सहा पाय. (कोणाचे, ते सांगतो.)

आता बढाई. १९८४ साली गडचिरोलीत बसून पिठ्या ढेकणाची नवी जात शोधणारा एकमेव माणूस मी! मी म्हणजे हरिदास, बांबू डेपोतला कीड तपासणारा. माझ्या आधी तिथे कोणी कीड तपासत नसे. कीड सुखात होती.

पिठ्या ढेकूण म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबावर, खोळीच्या आत, पिठात लोळून आल्यासारखा बसलेला तांदळाच्या कणीएवढा जीव. वरून सगळे सारखेच दिसतात. जात ओळखायची तर मादी कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळायची, आतला ऐवज काढून टाकायचा, उरलेली कातडी गुलाबी रंगवून काचेवर चपटी करायची आणि मायक्रोस्कोपखाली पाय, केस, छिद्रे मोजत बसायचे! डेपोत चूल नव्हती. घरी होती. पातेलेही होते.

ज्या दिवशी चहा गुलाबी झाला, त्या दिवशी माझी बायको सत्यशीला माहेरी भद्रावतीला निघून गेली. मी चार पत्रे पाठवली. उत्तर ते एकच पोस्टकार्ड.

तेवढ्यात चमत्कार झाला. काचेवरच्या मादीला पायच नव्हते! दुसरीलाही नव्हते! बावीस माद्या, एकूण पाय शून्य! पुस्तकात बिनपायांचे पिठ्या ढेकूण होते, पण त्यांच्या मिशाही नावापुरत्याच. आमच्या बाईंच्या मिशा चांगल्या लांबलचक! म्हणजे नवी जात! मी पाचवे पत्र लिहिले: ‘या जातीला तुझे नाव देतो. नागपूरचे मोठे कीटकशास्त्रज्ञ डॉक्टर रविवारी खात्री करायला येत आहेत. तू ये.’

आणि ती आली! डॉक्टरांच्या अर्धा तास आधी. डेपोच्या फाटकातूनच म्हणाली,

“कसा दिसते हो माझा किडा?”

“गोल. गुबगुबीत. डोके दिसत नाही, पाय नाहीत. जन्मभर एका जागी बसून रस ओढतो.”

“अन् त्याले पाहून तुमाले माझी आठवण झाली?”

“अगं, नवा आहे!”

“एक बायको घरातून चालली गेली, म्हनून आता बिनपायाची पाह्यली काय?”

बंडल बांधणारा मुखरू तोंडात गमछा कोंबून हसू लागला. किडे गोळा करून आणायचे कामही त्याचेच. मी डोळे वटारले. तेवढ्यात डॉक्टर आले.

डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले ते वाकलेच. पहिली काच, दुसरी काच, सातवी काच. मला कानात टाळ्या ऐकू येऊ लागल्या!

“हरिदास,” ते शेवटी म्हणाले, “इथे सहा खुंट आहेत.”

“खुंट?”

“पायांचे. छाटलेले. आणि सगळे एका मापाने.”

मुखरू पुढे झाला. चेहऱ्यावर शाबासकीची पुरी तयारी.

“मी छाटलो जी!”

“काऊन?” मी किंचाळलो. घाबरलो की माझी पुस्तकी भाषा पळून जाते.

“तुमीच तर रोज बोंबलून राह्यले होते ना जी! याचा एक पाय तुटला, त्याचे दोन तुटले, असा माल चालत नाई म्हने. आपल्या डेपोत बांबू कसा घेते? फांद्या साफ, सगळा माल बराबर! म्हनून बाभळीच्या काट्यानं सगळ्यायचे पाय साफ केलो. बावीस नग! डोळे फुटाची पाळी आली जी.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “मग मिशा कशा राहिल्या?”

“मिशा कोन कापते जी!” मुखरूने दुखावल्या आवाजात स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

डॉक्टरांनी बांबूच्या खोळीतून एक ताजी मादी स्वतः उचलली आणि तिचे सहाही पाय मला मोजायला लावले. अगदी साधी जात. नाव केव्हाच ठेवून झालेले. मी सहापर्यंत नीट मोजले, निदान तेवढे तरी जमले!

डॉक्टर गेले. बायकोला परत आणायला माझ्याजवळ जे काही होते, तेही गेले. मी बिचकत सत्यशीलेकडे पाहिले. ती बांबूच्या बंडलावर बसून पोट धरून हसत होती.

“चला, माझं नाव वाचलं!”

“चारच्या बसने जाशील?” मी विचारले.

“घरी दूध आहे काय?”

“दूध आहे. तापवायला धड पातेले नाही.”

“तुमी चूप बसा. मुखरूभाऊ, चहाले या घरी. मिशीसंगट या.”

सकाळी बसमधून उतरल्यावर, डेपोत यायच्या आधी, ती आपली लोखंडी पेटी घरी ठेवून आली होती.