कपडे आटण्याविषयी

माणूस फुगत नाही, कपडे आटतात. जगाला हे सत्य अजून पटायचं आहे. आमच्या घराला ते फार पूर्वीच पटलं होतं.

आई जाण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, घरात सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. जेवणाचं टेबल इस्त्रीच्या कपड्यांनी अडवलेलं, माणसं सोफ्यावर. एकत्र जेवायची जुनी पद्धत आम्ही बंद केली होती, कारण तीत दुसऱ्याचं ताट दिसतं. आता जो तो आपापल्या पडद्याकडे बघत, भूक लागेल तेव्हा आणि न लागेल तेव्हाही, आपापल्या डब्यातून खात असे. त्यामुळे आपण घरात सर्वांत कमी खातो, याची प्रत्येकाला खात्री होती. (पुरावा: कोणी पाहिलंच नव्हतं.) मागवलेलं जेवण घेऊन येणारा माणूस जिने चढून येई आणि आमच्या वाट्याचा व्यायाम करून जाई.

घरात हलत असत ते फक्त आईचे पाय, शिवणयंत्रावर. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची, आणि फावल्या वेळात आमचे.

"अगं, हीपण पॅन्ट आटली बघ," बाबा सोफ्यावरून म्हणाले.

"माझाही ड्रेस," मी म्हणाले.

"साबणच वाईट येतात हल्ली," असं म्हणून आई शिवण उसवायला बसली. तिने कधी कुणाला टोकलं नाही. आतलं कापड संपलं की मिळत्या रंगाची पट्टी जोडायची. आम्ही साबण बदलत राहिलो. वजनकाटाही बिघडलेला निघाला, तो माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी आई मशीनवर बसल्या बसल्याच गेली. हृदय. घरातली एकटी सडपातळ, एकटी हलणारी. यावरून हालचाल प्रकृतीला घातक असावी, असा निष्कर्ष आत्याने काढला. भेटायला आलेल्या सर्वांनी तो बसूनच मान्य केला.

मी वाचणारी बाई. लठ्ठपणावरची जाडजूड पुस्तकं मी आडवी पडून, काहीतरी चघळत वाचली आहेत. समाजाचं कुठे चुकतं, ते मला तोंडपाठ आहे.

काही दिवसांनी डॉक्टरांनी बाबांना तपासलं. "वजन उतरवा. नाहीतर पुढचा झटका तुम्हाला येईल, आणि तो मला थांबवता येणार नाही," ते म्हणाले. घरी आल्यावर बाबांनी पॅन्ट माझ्यापुढे धरली.

"आटली गं ही. तुझी आई लगेच करून द्यायची. तुला येतं ना?"

येत होतं. मी पॅन्ट उलटी केली. पट्टीला पट्टी जोडलेली, तिलाही पट्टी. अजून एक सहज बसली असती. कात्री हातात होती, आणि साबणाला नावं ठेवायला तोंड उघडलंही होतं.

(वाचकांपैकी जे इलास्टिकच्या पायजम्यात बसून हे वाचत आहेत, त्यांनी खुशाल हसावं. इलास्टिक कुणाला काही सांगत नाही.)

"बाबा," मी म्हणाले, "पॅन्ट आहे तेवढीच आहे. जाड आपण झालोय. उठा, चालायला जाऊ. हळूहळू जाऊ, मलाही धाप लागते. पण उठा. तुम्ही मला अजून हवे आहात."