राजाचं पोट

“थांबा! राजेसाहेब, तुमचं पोट पुन्हा बोललं,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्टबाई म्हणाल्या.

रेडिओच्या कथामालेत तो राजाचे संवाद वाचायचा. टेबलापलीकडे राणी वाचणारी, दोघांच्या मध्ये एकच माइक. राजा रणातून परततो, म्हणतो, “राणी, आपण हरलो,” आणि मग लांबलचक शांतता. त्या शांततेतच सगळ्या भागाचा जीव होता. नेमकं तिथेच गुरगुर उठायची, जणू हरलेलं सैन्य दाराशी येऊन जेवायला मागतंय.

राणी काडीसारखी बारीक. “मला बाई भूकच लागत नाही,” हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच. त्याचं पोट मात्र त्याच्या आधी टेबलापाशी पोचायचं. त्यामुळे गुरगुरतंय कोण, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. त्यालाही नाही.

“उद्या हा भाग पुरा झालाच पाहिजे,” बाई म्हणाल्या. “नाहीतर राजा बदलावा लागेल. माझाही नाइलाज आहे हो.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कंबर कसली. “पोट म्हणजे तान्हं लेकरू. रडायच्या आधी भरवायचं, मग कशाला रडतंय?” सकाळी तिने कप्प्याकप्प्यांचा डबा हातात दिला. केळी, बिस्किटं, शेंगदाणे, उकडलेली अंडी. “भुकेची वाट बघत बसायचं नाही. दिवसभर थोडं थोडं खायचं. कळलं?”

त्याने केळं खाल्लं, तर आवाज चिकट झाला. “राजाला पडसं झालंय का?” बाईंनी विचारलं. घसा सुटावा म्हणून बिस्किट खाल्लं, तर त्याचा कण अडकला आणि राजा खोकत खोकत हरला. खोकला जावा म्हणून तांब्याभर पाणी प्यायला, तर वाक्यावाक्याला पोटात डचमळ. “युद्ध होडीत झालं वाटतं!” बाई म्हणाल्या. शेवटी त्याने बाहेरच्या सोफ्यावरची उशी आणली आणि मफलरने पोटावर करकचून बांधली.

“राणी, आपण हरलो.”

शांतता उतरली. त्याचा हात उशीवर होता. पोट कसं, दूध पिऊन झोपलेल्या बाळासारखं गप्प. आणि तरीही गुरगुर आली. टेबलाच्या पलीकडून.

राणीने मान वर केली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“उशीतूनसुद्धा? धन्य आहे!” बाईंनी कपाळाला हात लावला. “आता काय करू मी तुमचं?”

त्याने राणीकडे पाहिलं. एका वाक्यात तो सुटला असता.

“चुकलं हो बाई, माझंच पोट,” तो म्हणाला. “शेवटचं एकदा घेऊ. तोवर तुम्ही चहा घेऊन या.”

बाई गेल्या. त्याने डबा पलीकडे सरकवला.

“मला नाही लागत भूक,” राणी पुटपुटली.

“ठाऊक आहे. अंडं सोलून देऊ?”

“खाल्लं की आवाज जड होतो, म्हणून मी सकाळपासून...” पुढचं वाक्य अंड्याखाली दबून गेलं.

त्यानंतरची शांतता अशी काही उतरली, की काचेपलीकडे बाईंनी डोळे टिपले. “उशीचा गुण हो! राजेसाहेब, यापुढे उशीशिवाय बसायचं नाही.”

तेव्हापासून तो उशी बांधून राज्य करतो. बायको कौतुकाने डबा भरते. पण राणीची भूक एकदा जागी झाली ती झालीच. माइक सुरू व्हायच्या आत सगळे कप्पे लख्ख. परवा राजवाड्यात तशीच शांतता पसरली आणि उशीखालून दणदणीत गुरगुर उठली. या खेपेला खरोखरच त्याची.

“बाई, ते माझं हं! माझं पोट!” राणी घाईघाईने म्हणाली. तिच्या ओठाला अजून अंड्याचा बलक लागलेला होता.

बाई पोट धरून हसल्या. “राणीसाहेब, बाजू घ्या, पण जरा पटेल असं तरी बोला. आणि राजेसाहेब, ती उशी घट्ट बांधा बरं.”