हाताला धरून आणायचं

"नाव तेवढं इचारायचं न्हाय बघा, गुरुजी. देवानंबी इचारलं न्हाय."

मष्णू आप्पांचं हे बोलणं नागेंद्र सरांच्या कानात रविवारी रात्रभर घुमत होतं. बेळगुंदीच्या अलीकडं, रताळ्याच्या शेतांत विसावलेली ती वाडी, तिची पाचवीपर्यंतची शाळा, आणि शाळेत मुलं बत्तीस. त्यातल्याच कुणा एका लेकराच्या आईनं देवळात दिवा लावता लावता आप्पांना हळूच सांगितलं होतं, की वर्गात त्याला सगळी हसतात. रोज सकाळी त्याच्या पोटात दुखतं. आता शाळेत पाऊलच टाकणार नाही म्हणतंय. नाव मात्र फोडू नका, अशी तिनं शपथ घातली होती.

आप्पा रवळनाथाचे मानकरी. त्यांनी ही गोष्ट थेट संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात घातली.

"बा रवळनाथा, ह्या वाडीतल्या एका लेकराला हसत्यात, त्येचं रडू थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ सवयीनं म्हणालं.

"ज्येनं ज्येनं चिडवलंय, त्येनं उद्या सकाळी त्या लेकराला घरातनं हाताला धरून शाळंत आणावं रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सरांचाच होता. आपल्या शाळेतलं एक लेकरू हातचं जातंय, हे त्यांना सहनच होत नव्हतं.

खोबऱ्याचा तुकडा चघळत लोक पायरीवर आले, तेव्हा कुठं एकेकाला जाग आली, की देवापुढचं 'व्हय' आता माघारी घेता येत नाही. लेकरू कोणाचं ते ठाऊक नाही, म्हणजे आपापल्या घरातच तपास लावायला हवा. पायरीवरच पोरांची झडती सुरू झाली.

"आप्पा, आमच्या ओमकारनं तिघांना चिडवलंय," बाळाबाई रडकुंडीला आली. "हात दोनच हाईत की वं त्येला!"

"दोन खेपा करायच्या."

रवळूनं डोकं खाजवलं. "आमच्या थोरल्याला धाकटाच 'रताळं' म्हणतोय. दोघं एकाच घरातली. मग कसं?"

"उंबऱ्यापास्नं धरायचं."

"आन् आप्पा," मागून रविराज म्हणाला. त्याला आता बेळगावात बँकेत नोकरी होती, तो दोन पोरांचा बाप होता. "ह्यो रवळू मला तिसरीत असताना लई चिडवत होता."

आप्पांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. "रवळू, उद्या तूबी जा रं."

सोमवारी वाडीवर असं धुकं उतरलं होतं, की घरं कुठं संपतात आणि आभाळ कुठून सुरू होतं ते कळेना. सर फाटकाशी उभे होते. पांढऱ्यातून आधी नुसते हात दिसायचे, एकमेकांत अडकलेले, आणि मग त्यांच्यामागून पोरं उमलत यायची. ओमकार दुसऱ्या खेपेला धावत गेला. सगळ्यात शेवटी रवळू आणि रविराज आले, दोघंही दोन दिशांना बघत, हात मात्र घट्ट.

"सोड की आता," रविराज पुटपुटला.

"फाटक येऊ दे. देव बघतोय."

सरांना हे सगळं स्वप्नात पाहतोय असं वाटलं. भरल्या मनानं त्यांनी हजेरी घेतली. एकतीस.

"तेजस्वी कुठाय?"

खिडकीजवळची जागा रिकामी होती. म्हणजे ते लेकरू हेच! एवढ्या घरांतून एवढे हात निघाले, आणि हिच्या दारात एकसुद्धा गेला नाही?

"कोण चिडवतं तिला? खरं सांगा. मी रागावणार नाही."

शेवटी ओमकार उभा राहिला. दोन खेपांनी त्याला अजून धाप लागली होती.

"सर, तिला आमी आपल्या मनानं काय म्हणत न्हाय. तुमी म्हणता तेवढंच म्हणतो."

"मी? मी काय म्हणतो?"

"ती भायेर बघत बसली की तुमी म्हणता न्हाय का, 'ढगमामी, या आता खाली.' मग आमी सुट्टीत म्हणतो. आन् वाटंनं."

नेहमी या शब्दाला वर्ग खदखदून हसायचा. आज कुणी हसलं नाही. सरांना तो शब्द किती आवडायचा! स्वतःच्या मायाळूपणावर ते स्वतःच खूश असायचे.

स्वयंपाकीण शालूबाई तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊन दारातून सगळं ऐकत होती. "मी बसतो पोरांजवळ," ती हळूच म्हणाली. "पाडं म्हणून घेतो. तुमी जावा."

सरांनी हजेरीपट मिटला. तेजस्वीच्या नावापुढची चौकट त्यांनी कोरीच ठेवली होती. उजवा हात खडूनं पांढरा झाला होता. तो त्यांनी आधी रुमालाला, मग पँटला नीट पुसला, आणि तिच्या घराच्या वाटेनं ते धुक्यात उतरले.