पडद्यामागचा बॉस

मिसेस ल्यू कुठल्याही प्रश्नाचं उत्तर स्वतः देत नसत. "शर्ट गुरुवारऐवजी बुधवारी मिळतील का?" एवढंच विचारलं, तरी हातातली सुई मनगटावरच्या गादीत खोचून म्हणायच्या, "आय आस्क बॉस." मग काउंटरमागचा फुलाफुलांचा पडदा सारून आत जायच्या. आतून त्यांचाच आवाज यायचा, चिनी भाषेत. मिनिटभराने बाहेर येऊन निकाल द्यायच्या, "बॉस म्हणतो, नो."

बॉस म्हणजे त्यांचा नवरा. आम्ही अमेरिकेत नोव्हायला आल्यापासून दर शनिवारी मी त्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात माझ्या नवऱ्याचे, सुधीरचे, पाच शर्ट टाकत होते. तीन वर्षांत बॉस काही दिसला नव्हता. दिसायच्या त्या ह्याच. कपडे घ्यायला ह्या, डाग काढायला ह्या आणि बॉयलर अडला की पाना घेऊन त्याच्याखाली शिरायलाही ह्याच.

"आत टीव्ही बघत बसला असेल यार," सुधीर म्हणायचा. "बायको राबतेय, हा नुसता नो म्हणतोय." माझंही मत तेच होतं.

गिऱ्हाइकांना त्या कपड्यांवरून हाक मारत. सुधीर 'कॉफी कॉलर', मी 'सिक्स यार्ड'. ह्याला कारण माझी निळी नारायणपेठ. ती ड्रायक्लीनला दिली, तर परत आली तेव्हा सोबत एका पाकिटात तिचा फॉल, सुबक घडी घालून.

"कुणीतरी फसवलंय तुला," मिसेस ल्यू हळू आवाजात म्हणाल्या. "आतून जुन्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. मी एकेक टाका उसवला. तीन तास लागले."

फॉल कशासाठी असतो हे मी काउंटरवर, जीन्सवरून साडी गुंडाळून, समजावून सांगितलं. मागे दोन माणसं कोट घेऊन उभी होती. मिसेस ल्यू गंभीरपणे आत जाऊन आल्या. "बॉस म्हणतो, सॉरी म्हणायचं नाही. शिवून द्यायचं." आणि असा शिवला, की पुण्यातल्या माझ्या फॉल लावणाऱ्या बाईंनी बघितला असता तर त्यांनी सुई खाली ठेवली असती.

अशा बाईच्या दुकानातून शर्ट यायचे ते मात्र चुकीची बटणं लावून. इस्त्री कडक, कॉलर सरळ, पण बटणं एक घर खाली घसरलेली. हे गेली तीन वर्षं, पाचही शर्टांचं. फ्रिजवरच्या माझ्या यादीत 'बटणं – बोलणे' ही एकच ओळ अशी होती, जी कधी खोडली जात नव्हती. बोललं की त्या आत जायच्या आणि बॉस नो म्हणायचा.

२००८च्या नोव्हेंबरात दुकानातला कपड्यांचा दांडा निम्मा रिकामा दिसू लागला. मोटारींच्या कंपन्यांतून माणसं कमी होत होती आणि नोकरी गेलेला माणूस शर्ट घरीच धुतो. अशाच एका आठवड्यात काउंटरवर त्यांची मुलगी ग्रेस उभी होती, शिकागोहून आलेली. व्यवस्थित मुलगी. मी तक्रार लेखीच नेली होती, मुद्देसूद, इंग्रजीत. ग्रेसने ती दोनदा वाचली. "थँक यू," ती म्हणाली, "आय नीडेड धिस इन रायटिंग." चला, कुणीतरी कामाचं भेटलं, असं वाटून मी घरी आले.

दोन आठवड्यांनी शर्ट आले. प्रत्येक बटण आपापल्या घरात. मी ती ओळ खोडली आणि चिवड्याचा डबा घेऊन आभार मानायला गेले.

पडदा दोरीने बाजूला बांधलेला होता. आत टीव्ही नव्हता. उशी ठेवलेली एक खुर्ची होती आणि तिच्यासमोर शर्ट अडकवायचा स्टँड.

"ग्रेसने चांगली जागा शोधली," मिसेस ल्यू म्हणाल्या. "नर्स आहे, खिडकी आहे. वीस मिनिटांवर."

"कुणासाठी?"

"बॉससाठी." त्या टॅग लावत राहिल्या. "तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला. डाव्या हाताने बटणं लावायचा. ग्रेस म्हणायची, आई, दुकान ही त्याची जागा नाही. मी म्हणायचे, गिऱ्हाइकांची काही तक्रार आहे का?"

मी डबा काउंटरवर ठेवला. "तो कागद माझा होता," मी म्हटलं.

"माहितीये. एवढ्या सरळ ओळी दुसरं कोण लिहितं, सिक्स यार्ड? खोटं नव्हतं त्यात काही."

"पण तुम्हाला दिसत होती ना बटणं? तुम्ही नीट करून—"

"नीट केली असती तर त्याला दिसलं असतं." त्यांनी टॅगची पेटी बंद केली. "या देशात आले तेव्हा मला काही येत नव्हतं. सगळं दुकान तो बघायचा. मी फक्त बटणं लावायचे. चुकायची. त्याने कधी उघडून परत लावली नाहीत."

पुढच्या शनिवारी मी सुधीरचे पाच शर्ट घरी धुऊन, इस्त्री करून नेले. सगळी बटणं उघडी.

"संध्याकाळी त्यांच्याकडे जाल तेव्हा घेऊन जा," मी म्हटलं. "बाकी काही करायचं नाही. फक्त बटणं. बुधवारी मिळतील का?"

त्यांनी सुई मनगटावर खोचली. "आय आस्क बॉस."

त्यांनी दोरी सोडली. पडदा पडला, त्या आत गेल्या. या खेपेला आतून आवाज आला नाही. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"बॉस म्हणतो, नो," त्या बाहेर येऊन म्हणाल्या आणि शर्ट स्वतःकडे ओढून घेतले. "गुरुवारी."